चांगले भाजलेले कसे ओळखावे?

जत्रेत जेवणाची दहा दुकाने एका ओळीत मांडलेली असतात. सगळ्यांच्या चुली पेटलेल्या, सगळ्यांच्या पाट्यांवर ‘स्पेशल’ हा शब्द, आणि सगळेच मालक हात हलवून बोलावत असतात. आपण गोंधळतो, शेवटी जिथे गर्दी दिसेल तिथे शिरतो. जेवण बेताचे निघाले तर ‘नशीब आपले’ म्हणतो आणि चांगले निघाले तर दुकानदाराच्या हाताला चव आहे असे म्हणतो. या दोन्ही उत्तरांत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे समाधान व्हायला नको. हाताची चव म्हणजे तरी काय? त्या हाताने उष्णता कुठे, किती आणि किती वेळ पोचवली, हेच ना? मग दुकानात शिरण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी, नाकाने आणि कानांनी त्याची परीक्षा करता येईल का?

येते. या लेखात आपण ती परीक्षा कशी करायची ते पाहू. उदाहरणे घेऊ आपल्याच वऱ्हाडातली, कारण निखाऱ्यावर भाजण्याची कला आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. पऱ्हाटीवर भाजलेले भरताचे वांगे, आगटीतला हुरडा, गोवऱ्यांच्या आरातले रोडगे आणि लाकडाच्या चुलीवरची मातीची हंडी, हे चार पदार्थ तुम्हांला ठाऊकच आहेत. अकोटहून अंजनगाव, परतवाडा करीत सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमला गेलात, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणाऱ्या तिथल्या यात्रेत रोडगे आणि हंडीतले मटण यांच्यासाठीच लांबून आलेली माणसे भेटतात. मांसाहार न करणाऱ्या वाचकांनी हंडीच्या जागी तुरीच्या डाळीचे वरण समजावे. उष्णतेचे नियम दोघांना सारखेच.

ज्वाळा की निखारा?

पहिली परीक्षा विस्तवाची. वऱ्हाडात ज्याला ‘इस्तो’ म्हणतात, तो दोन रूपांत असतो : ज्वाळा आणि निखारा. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. तापमान २००° सें.च्या वर चढत गेले की लाकडाचे घटक मोडू लागतात आणि त्यांतून ज्वलनशील वायू निघतात. हे वायू हवेत जळतात, ती ज्वाळा. वायू निघून गेल्यावर मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. तो ज्वाळेशिवाय, जागच्या जागी, शांतपणे जळत राहतो. तो निखारा.

ज्वाळा नाचते, वाऱ्याने वाकते, क्षणात वाढते आणि क्षणात पडते. तिच्यावर धरलेला पदार्थ एका बाजूने काजळतो आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहतो. निखारा मात्र जवळजवळ एकाच तापमानावर बराच वेळ टिकतो, आणि त्याची उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे सूर्याची उष्णता येते तशी, सरळ रेषेत येते.

या प्रारणाचा एक सुंदर नियम आहे. योझेफ स्टेफान याने १८७९ साली प्रयोगांच्या आकड्यांवरून तो मांडला आणि लुडविग बोल्ट्झमन याने १८८४ साली तो सिद्धांताने सिद्ध केला. तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता त्याच्या केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. १,००० केल्विन (म्हणजे ७२७° सें.) तापलेल्या आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ५·७ वॉट उष्णता निघते. भर दुपारच्या उन्हातून आपल्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०·१ वॉट मिळतात. म्हणजे निखाऱ्याचे तोंड दुपारच्या उन्हाच्या पन्नासपटींहून अधिक प्रखर! आता तोच निखारा ८०० केल्विनपर्यंत निवला असे समजा. तापमान फक्त पाचव्या हिश्शाने उतरले, पण प्रारण मात्र निम्म्याहूनही कमी झाले. गणित तुम्हीच करून पाहा : १·२५ चा चौथा घात २·४४ येतो.

म्हणूनच अनुभवी माणूस निखाऱ्याचा रंग पाहतो. जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ साली दाखवले, की घन पदार्थ सुमारे ५२५° सें.ला अंधारात पुसट लाल दिसू लागतात. त्याहून अधिक तापले की ते ठळक लाल, मग नारिंगी, मग पिवळसर होतात. ज्या चुलीवर सारख्या रंगाच्या निखाऱ्यांचा थर आहे आणि वर राखेची पातळ पांढरी साय धरली आहे, तिथे भाजणारा घाईत नाही असे खुशाल समजा. जिथे ज्वाळांच्या डोक्यावर वांगी आणि रोडगे फेकले जात आहेत, तिथून पुढे चला.

धुराचा रंग

दुसरी परीक्षा धुराची, आणि ती लांबूनच होते. धूर निळसर आणि विरळ आहे, की पांढरा आणि दाट?

आकाश निळे का दिसते, याचे उत्तर इथे उपयोगी पडते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कण खूप लहान असले, तर ते निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त करतात. लॉर्ड रॅली याने हा नियम मांडला. कण तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे झाले, की ते सगळ्याच रंगांचे विकिरण साधारण सारखे करतात आणि आपल्याला पांढरे दिसते, ढगासारखे. म्हणजे निळसर धूर सांगतो की कण बारीक आहेत, लाकूड सुके आहे आणि हवा पुरेशी मिळते आहे. दाट पांढरा धूर सांगतो की लाकूड ओले आहे. त्याची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, तापमान उतरते, वायू न जळताच निघून जातात आणि डांबरासारख्या पदार्थांचे मोठे थेंब हवेत तरंगतात. हेच थेंब पदार्थावर बसतात आणि जिभेला कडवट लागतात. काळा धूर म्हणजे काजळी. तेल, चरबी किंवा त्याहून वाईट काहीतरी अर्धवट जळत आहे.

‘त्याहून वाईट’ म्हणजे काय? चूल पेटवायला कोणी प्लास्टिकची पिशवी, रबर किंवा जुन्या टायरचा तुकडा वापरताना दिसला, तर तिथे पाणीसुद्धा पिऊ नका. त्या धुरातले विषारी पदार्थ भाजल्याने नाहीसे होत नाहीत, ते अन्नावर बसतात. कपाशीवर फवारण्या होतात, हेही आपण शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. वांगी भाजायला पऱ्हाटीच हवी असेल, तर ती पावसात धुतली गेलेली आणि चांगली वाळलेली असावी, आणि तिचे निखारे झाल्यावरच वांगी ठेवावीत.

धुराचा सुगंध मात्र खोटा नव्हे. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो तापून मोडला, की ग्वायाकोल, सिरिंगोल यांसारखी संयुगे तयार होतात. ‘चुलीवरचा वास’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याचा मोठा भाग या संयुगांचा असतो. वास हवा, डांबर नको. सगळे कसब एवढ्यातच आहे.

रोडग्याच्या पोटात काय चालते?

आता पदार्थाकडे वळू. रोडगा म्हणजे कणकेच्या लहान लहान पोळ्यांना तेल लावून, त्या एकावर एक ठेवून, वरून मोठ्या पोळीचे आवरण देऊन वळलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या आरावर आधी फिरवून भाजतात आणि मग गरम राखेत दडपतात. या दोन पायऱ्यांना कारणे आहेत.

पहिल्या पायरीत बाहेरचे कवच बनते. पृष्ठभागावरचे पाणी उडाले की तिथले तापमान १००° सें.च्या वर जाऊ शकते, आणि सुमारे १४०° सें.च्या पुढे प्रथिने आणि शर्करा यांच्यात एक विक्रिया वेगाने होऊ लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले. भाकरीचे पदर, भाजलेला पाव, भाजलेले शेंगदाणे आणि रोडग्याचे कवच यांचा तपकिरी रंग आणि खमंग वास या विक्रियेतून येतो. आतला भाग ओला असतो, म्हणून तो कधीच १००°च्या पुढे जात नाही आणि तपकिरीही होत नाही. कवच खमंग आणि गर मऊ, हा भेद पाण्याने केलेला आहे.

दुसऱ्या पायरीत उष्णता कवचातून आत शिरते, ती वहनाने. कणीक ही उष्णतेची मंद वाहक आहे. इथे एक नियम लक्षात ठेवा : आतपर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ हा जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ सें.मी. व्यासाचा रोडगा मध्यापर्यंत शिजायला सुमारे २० मिनिटे लागतात असे धरले, तर ७ सें.मी. व्यासाच्या रोडग्याला २८ मिनिटे पुरतील काय? नाही. ७ भागिले ५ म्हणजे १·४, त्याचा वर्ग १·९६. म्हणजे जवळजवळ ४० मिनिटे! मोठे रोडगे करून गिऱ्हाइकाला खूश करू पाहणारा दुकानदार वेळ मात्र तेवढाच देतो, आणि रोडग्याच्या पोटात कच्च्या कणकेची पांढुरकी, चिकट रेघ राहते. एकाच आरावर लहानमोठे रोडगे दिसले, तर त्यांतले काही एक तर कच्चे किंवा करपलेले निघणारच.

राखेत दडपण्याचे कारणही पाहा. राखेत हवेचे असंख्य बारीक कप्पे अडकलेले असतात, त्यामुळे ती उष्णतेची दुर्वाहक आहे. ती निखाऱ्याला हवा बेताने मिळू देते, त्याला हळू जळायला लावते, आणि त्याची धग रोडग्याभोवती सारखी वाटते. गोवरी हळू जळते, तिचा आर बराच वेळ टिकतो आणि राखही भरपूर पडते. लाकडापेक्षा तिची उष्णता कमी, पण या कामाला तीच सोईची. आपल्या आज्यांनी हे उष्णतावहनाचे सूत्र न शिकताच ओळखले होते.

मग रोडग्याची परीक्षा कशी करावी? एक : बोटाच्या पेराने ठोकून पाहा. आतले पाणी पुरेसे निघून पदर सुटले असतील तर पोकळ, खणखणीत आवाज येतो. कच्चा असेल तर बद्द. दोन : दाबला की कवच तडकले पाहिजे, पिचकता कामा नये. तीन : फोडल्यावर आतले पदर सुटे दिसले पाहिजेत. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते; तेलामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत आणि ही वाफ त्यांना दूर ढकलते. पदर चिकटलेले असतील तर एक तर तेल लावलेले नाही, किंवा वाफ व्हायला पुरेशी उष्णता आत पोचलेली नाही. चार : राख फडक्याने झटकली की निघून जावी. ती रुतून बसली असेल, तर कवच धरण्यापूर्वीच रोडगा राखेत गेला होता.

वांगे आणि हुरडा

वांग्यात दहातले नऊ भाग पाणीच असते. त्यामुळे साल जळून काळी झाली तरी गराचे तापमान १००°च्या पलीकडे जात नाही, तो आपल्याच वाफेत शिजतो. सालीची ती एक बंद हंडीच म्हणा. म्हणून भाजण्यापूर्वी वांग्याला एकदोन ठिकाणी टोचे मारावेत, नाहीतर कोंडलेली वाफ साल फाडून गर उडवते. परीक्षा देठाजवळ करावी. वांग्याचा खालचा भाग लवकर मऊ होतो, देठाजवळचा घट्ट गर सर्वांत शेवटी. चिमट्याने तिथे दाबून पाहा. तिथे मऊ तर सगळीकडे मऊ. भरीत खाताना देठाकडचा तुकडा करकरला, तर भाजणाऱ्याने घाई केली.

हुरड्याची गोष्ट वेगळी, तिथे कसब भाजण्याइतकेच वेळ साधण्यात आहे. ज्वारीचा दाणा कोवळा असतो तेव्हा त्यात साखरेचे प्रमाण जास्त असते; पुढे त्या साखरेचा स्टार्च होत जातो. या दोन अवस्थांच्या मधले थोडेच दिवस हुरड्याचे. दाण्यातला स्टार्च सुमारे ७० ते ८०° सें.ला पाणी शोषून फुगतो, त्यासाठी दाण्यातलेच पाणी पुरते. आगटीतून काढलेले कणीस तळहातावर चोळले की दाणे सहज सुटले पाहिजेत, आणि दातांखाली ते दुधाळ व मऊ लागले पाहिजेत. पिठूळ लागले तर कणीस उशिरा तोडले. पाणचट लागले तर लवकर. वऱ्हाडात सोयाबीनचा पेरा वाढत गेला तशी ज्वारी कमी झाली, त्यामुळे चांगला हुरडा ओळखणारी माणसेही कमी होत चालली आहेत.

भाजण्याची ही बुद्धी एकट्या वऱ्हाडाची नव्हे. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात ‘पोपटी’ लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कधी अंडी किंवा कोंबडी भरतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. वरून पाणी घालत नाहीत. शेंगांतल्या पाण्याचीच वाफ होऊन सगळे शिजते. वांग्याचे आणि पोपटीचे तत्त्व एकच.

हंडी आणि टेक्ससचा ‘थांबा’

आता हंडी. मटणाच्या तुकड्यात स्नायूंचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. तापमान ६०–६५° सें.च्या आसपास गेले की हे कोलॅजेन आक्रसते आणि मांसातले पाणी पिळून बाहेर काढते. म्हणून अर्धवट शिजलेले मटण सर्वांत चिवट लागते. पण ७०°च्या पुढे बराच वेळ ठेवले, तर तेच कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि मांस मऊ व रसाळ लागते. जनावर जितके जुने, तितके कोलॅजेन पक्के आणि तितका वेळ अधिक. इथे जाळ वाढवून काही साधत नाही. अकोट समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९९° सें.च्या आसपास उकळते. उघड्या चुलीवर कितीही लाकडे घातली तरी रस्सा त्यापुढे तापत नाही, नुसते पाणी आटते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे तापमान सुमारे १२०°पर्यंत जाते, म्हणून तिथे काम लवकर होते. हंडीवाल्याजवळ दाब नाही, त्याच्याजवळ फक्त वेळ आहे. मातीचे भांडे ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णतेचे फारच मंद वाहक. ते जाळाचे चढउतार आत पोचू देत नाही, म्हणून खालचा मसाला लवकर करपत नाही आणि हंडी खाली उतरवल्यावरही बराच वेळ खदखदत राहते.

याच तत्त्वावर अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात एक मोठी खाद्यपरंपरा उभी आहे. तिला बार्बेक्यू म्हणतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश भाषेतून इंग्रजीत आला. मध्य टेक्ससमध्ये एकोणिसाव्या शतकात येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक खाटिकांनी मांस धुरावर ठेवण्याची आपली रीत तिथे रुजवली. गुराच्या छातीचा चिवट भाग, ज्याला तिथे ब्रिस्केट म्हणतात, तो सुमारे ११०–१२०° सें. तापमानाच्या धुरकट भट्टीत दहाबारा तास ठेवतात. आपल्याला तो पदार्थ खायचा नाही, पण त्यातले एक कोडे मात्र घ्यावे असे आहे.

मांसात तापमापक खुपसून ठेवला, तर तापमान आधी झपाट्याने चढते. पण ६५–७०° सें.च्या सुमारास ते थबकते आणि काही तास हलतच नाही! भट्टी तर तेवढीच तापलेली. मग ही उष्णता जाते कुठे? कित्येक वर्षे लोक म्हणत, कोलॅजेन विरघळण्यात जाते. ग्रेग ब्लाँडर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने साधा प्रयोग केला. त्याने पाण्याने भिजवलेला स्पंज आणि चरबीचा गोळा भट्टीत ठेवला. स्पंजात कोलॅजेन कुठले? तरीही स्पंजाचे तापमान तसेच थबकले. चरबीचे मात्र चढतच गेले. म्हणजे उत्तर होते बाष्पीभवन.

वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला हे उत्तर सर्वांत आधी सुचायला हवे! मे महिन्यात पारा ४५°ला टेकतो तेव्हा आपल्या माठातले पाणी गार कसे राहते? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात; तेवढ्या उष्णतेत साडेपाच ग्रॅम गार पाणी उकळीपर्यंत नेता आले असते. माठाच्या पृष्ठभागावरून पाणी उडते आणि उष्णता घेऊन जाते. टेक्ससच्या भट्टीतले मांस म्हणजे घाम गाळणारा माठच. येणारी उष्णता आणि घामाबरोबर जाणारी उष्णता यांचा मेळ बसला की तापमान थांबते. पृष्ठभाग सुकला की मग ते पुन्हा चढते. घाई असेल तर तिथले लोक मांस कागदात किंवा धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. बाष्पीभवन थांबते आणि थांबाही संपतो. आपल्या हंडीच्या तोंडावर झाकण ठेवून कडेने कणीक लावतात, त्याचे एक कारण हेच. झाकलेल्या हंडीत असा थांबा येत नाही.

तिथले परीक्षक मांसाची एक चकती बोटावर लोंबकळत ठेवतात. ती वाकावी पण तुटू नये, आणि हलके ओढले की तंतूंच्या दिशेने सुटावी. हीच परीक्षा हंडीला लावा. तुकडा हाडापासून सहज सुटावा, पण त्याचे सुटे दोरे होऊ नयेत. रस्सा ओठांना किंचित चिकट लागावा, ते जिलेटिन. निवल्यावर वर पांढरा थर धरला तर ती चरबी. सगळा रस्साच थरथरता थिजला तर तो जिलेटिनचा पुरावा. आणि पहिला तुकडा तर्रीत न बुडवता खा. तिखट आणि तेल पुष्कळ दोष झाकतात.

रंगाला मात्र भुलू नका. धुरावरच्या मांसाच्या कडेला एक गुलाबी वलय येते. धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडले जातात, म्हणून तो रंग टिकतो. पण त्याचा चवीशी संबंध नाही, आणि नायट्राइटयुक्त मीठ चोळून ते वलय भट्टीशिवायही आणता येते. आपल्याकडच्या लालभडक तंदुरीचेही तेच. रंग बाटलीतून येऊ शकतो, मऊपणा बाटलीतून येत नाही.

परीक्षकाची परीक्षा

आता तुम्ही विचाराल, ‘चुलीवरचे आणि गॅसवरचे भरीत मला चाखून ओळखता येते’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा का? त्याचीही परीक्षा घेता येते. डोळे बांधून त्याला तीन घास द्या : दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या प्रकारचा. वेगळा कोणता ते त्याने सांगायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पण लागोपाठ चार वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये फक्त एक! चारही वेळा जमले तर त्याच्या जिभेला मान द्यायला हरकत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात चहाचे असेच उदाहरण दिले आहे. चहात दूध आधी घातले की नंतर, हे चाखून सांगता येते असे एका बाईंचे म्हणणे होते. आठ कप, चार असे आणि चार तसे. सगळे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर घ्यावा, भाजलेल्या शेंगदाण्यांवरही तो होतो.

जिवाशी खेळ नको

भाजण्याचे इतके कौतुक केल्यावर दुसरी बाजू न सांगणे बरे नव्हे. चरबी निखाऱ्यावर गळून जो धूर उठतो, त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगजनक संयुगे असतात. म्हणून चरबी थेट निखाऱ्यावर गळू न देणारा दुकानदार चांगला, आणि करपलेला काळा भाग काढून टाकणारा गिऱ्हाईक शहाणा. चार घास खाणाऱ्यापेक्षा मोठा धोका आहे तो दिवसभर चुलीसमोर बसणाऱ्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. ‘चुलीवरची चव’ म्हणून आपण मिटक्या मारतो, तेव्हा त्या चुलीपुढे डोळे पुसत बसलेल्या बाईची फुप्फुसे त्या चवीची किंमत मोजत असतात. चांगल्या दुकानाची एक खूण हीही धरा, की तिथली चूल मोकळ्यावर किंवा धुराड्याखाली आहे आणि भाजणाऱ्याच्या तोंडावर धूर येत नाही.

आणि एक गोष्ट घरी सगळ्यांना सांगा. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजणारी कुटुंबे अशीच गेली आहेत.

शेवटची काळजी शिळ्याची. शिजलेले मटण ६०° सें.च्या वर, म्हणजे हात लावता येणार नाही इतके गरम असले पाहिजे. कोमट हंडीत जंतू वेगाने वाढतात. खदखदणारी हंडी घ्या, कोमट हंडी सोडून द्या, मग तिथे रांग असो वा नसो.

करून पाहा

एक लहान आणि एक त्याच्या दीडपट व्यासाचा असे दोन गोल बटाटे घ्या. मोठ्या माणसाला सोबत घेऊन ते एकाच वेळी गरम राखेत पुरा. दर पाच मिनिटांनी लांब तारेने टोचून मध्य मऊ झाला का ते पाहा आणि दोन्ही वेळा वहीत टिपा. मोठ्याला दीडपट वेळ लागला की सव्वादोनपट? आकडे अगदी जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, याची कारणे शोधा. बटाटे पुरते गोल होते का? राख दोघांवर सारखी होती का?

पुढच्या यात्रेत दुकानांच्या ओळीपुढे उभे राहाल तेव्हा पाट्या वाचण्याआधी धूर पाहा, मग निखारा पाहा, आणि ‘हंडी किती वाजता चढवली?’ एवढे विचारा. ज्या दुकानदाराला या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ आहे, त्याच्याकडे निर्धास्त बसा.